रानातल्या तुकड्यात मिरी: झाड न तोडता पीक कसं घ्यावं

सिंधुदुर्गातल्या पुष्कळ घरांच्या सातबारावर असा एखादा तुकडा असतो. डांबरी रस्त्यापासून अर्ध्या तासाची पायवाट, मध्ये एक व्हाळ (ओढा), पलीकडे चढण. तिथे आजोबांच्या वेळचे फणस, पाच-सहा आंबे, बाकी सगळं ऐन, किंजळ, नाणा आणि करवंदीची जाळी. घरातली माणसं मुंबईला, त्यामुळे तिकडे वर्षातून एकदा कोणी फिरकलं तर फिरकलं. अशा जागेवर पहिली नजर लाकडाच्या ठेकेदाराची पडते. दुसरा येतो तो सांगतो, सगळं साफ करा, रबर लावा, नाहीतर काजू लावा. दोडामार्ग आणि सावंतवाडीत डोंगरच्या डोंगर असे बोडके झालेले आपण पाहिले आहेत, आणि त्यांच्या खालच्या विहिरी मार्चमध्ये आटताना पण पाहिल्या आहेत.

माझं म्हणणं असं की त्या तुकड्यात विकण्यासारखं काही असेल तर ती सावली आहे. मिरीचा वेल मुळात पश्चिम घाटातल्या रानातलाच. त्याला चढायला झाड लागतं, मुळाशी पाल्याची भुसभुशीत माती लागते, आणि ऊन लागतं ते पानांतून गाळून आलेलं. हे सगळं तुमच्या जागेत फुकट उभं आहे. शिवाय माकड मिरीच्या घोसाला सहसा तोंड लावत नाही, आणि मिरीच्या मुळाशी रानडुकराला उकरून खावं असं काही नसतं. गोव्यातल्या सत्तरी, फोंडा, सांग्याकडच्या कुळागरांत, म्हणजे तिकडच्या पारंपरिक बागांत, माड-पोफळीवर मिरी चढवायची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. फरक इतकाच, की कुळागराला बारमाही झऱ्याचं पाणी असतं आणि रानातल्या तुकड्याला बहुधा नसतं. म्हणून खालची सगळी रीत पावसाच्या पाण्यावर आणि मोजक्या फेऱ्यांवर बसवलेली आहे.

आधी कागद, मग कोयती

तलाठ्याकडून ताजा सातबारा काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. सिंधुदुर्गात कित्येक खाजगी जमिनींवर वनसंज्ञेची नोंद आहे, म्हणजे मालकी खाजगी असली तरी जमीन वन म्हणून धरलेली आहे. काही जमिनी महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, 1975 खाली अडकलेल्या आहेत. अशी नोंद असेल तर आधी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जाऊन जागेची स्थिती लेखी विचारून घ्या. तोंडी 'काही नाही होत' या उत्तरावर विसंबू नका. जागा सामाईक असेल तर हिस्सेदारांची संमती कागदावर घ्या. मिरीला तीन वर्षांनी घोस लागतात, आणि भांडणं घोस लागल्यावरच सुरू होतात. हद्दीचे दगड सापडत नसतील तर मोजणी करून घ्या. तुम्ही वेल चढवलेली दोन झाडं जरी शेजारच्या सरकारी जंगलाच्या हद्दीत निघाली तरी तो गुन्हा होतो.

झाड तोडायचं नाही हे ठरलेलंच आहे. तरी माहीत असावं म्हणून सांगतो: स्वतःच्या मालकीच्या जागेतही महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, 1964 खालच्या अनुसूचित झाडांना परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात 2013 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने झाडतोडीला मनाई आहे. मिरीसाठी लागते ती फार तर खालच्या फांद्यांची छाटणी. वनसंज्ञेच्या जागेत तीही विचारूनच करा.

जागा दोनदा पाहा

एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैच्या भर पावसात. मे महिन्यात कळतं की ऊन किती आणि माती किती. जुलैत कळतं की पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं. या दुसऱ्या फेरीचा लोक कंटाळा करतात, आणि मिरी मरते ती मात्र पाणी थांबल्यामुळेच.

मे महिन्यात दुपारी बाराच्या सुमारास झाडाखाली उभे राहून जमिनीकडे बघा. कवडसे पडलेले दिसायला हवेत, साधारण निम्मी जमीन उजेडात आणि निम्मी सावलीत. सगळा काळोख असेल तर वेल उंच जाईल, पानं मोठी हिरवीगार होतील, पण घोस धरणार नाहीत. सगळं ऊन असेल तर पानं पिवळी पडून करपतील. पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे तोंड असलेला उघडा उतार टाळा, तिथे दुपारचं ऊन तिरपं थेट बुंध्यावर येतं. उत्तरेचा किंवा पूर्वेचा उतार मिळाला तर उत्तम.

मातीसाठी पहार घ्या आणि चार ठिकाणी खड्डा काढून बघा. आपल्याकडची जांभ्याची तांबडी माती मिरीला चालते, फक्त तिची खोली हवी. वीतभर खाली कातळ लागला तर ती जागा सोडून द्या. जुलैच्या फेरीत तेच खड्डे परत बघा. पाऊस थांबल्यावर घटकाभरात पाणी मुरलं तर जागा चांगली. तासाभराने पण तळाशी पाणी चमकत असेल तर तिथे वेल लावू नका, मग झाड कितीही देखणं असो.

कोणत्या झाडावर चढवायचं

फणस सगळ्यात चांगला. साल खरबरीत, बारमाही पानं, मूळ खोल. आंबा पण चालतो, मात्र कलमी नव्हे, जुना रायवळ, कारण त्याचा बुंधा सरळ असतो. भेडला माड आणि पोफळ चालते. ऐनाची साल भेगाळलेली असते, वेल तिला घट्ट धरतो, पण ऐन उन्हाळ्यात पानं गाळतो आणि नेमक्या कडक दिवसांत वेल उघडा पडतो. ऐनावर लावायचं तर त्याच्या पश्चिमेला दुसरं बारमाही झाड आहे ना, ते बघून लावा. पांगारा काट्यांचा असला तरी वेलाला सोयीचा, आणि तो फांदी रोवून येतो. जिथे मोकळी जागा आहे पण चढायला झाड नाही, तिथे पहिल्या पावसात पांगाऱ्याचे किंवा गिरिपुष्पाचे पुरुषभर उंचीचे खुंट तीन-तीन मीटरवर रोवून ठेवा आणि वेल पुढच्या वर्षी लावा.

नाणा टाळा. त्याची साल पापुद्र्यांनी सुटते आणि तिच्याबरोबर वेलही खाली येतो. निलगिरीचं पण तेच. काजू बुटका आणि पसरट, खाली दाट काळोख करतो, त्याच्या नादी लागू नका. आणि बिब्बा किंवा चिकाने अंग उठतं असं दुसरं कुठलंही झाड असेल, तर त्याला दुरूनच नमस्कार करा. काढणीच्या वेळी त्याच झाडाला बिलगून काम करायचं असतं.

पहिल्या वर्षी पंचवीस वेलांच्या वर जाऊ नका. शंभर रोपं आणणं सोपं असतं, पण शंभर रोपांना पहिल्या उन्हाळ्यात पाणी डोक्यावरून न्यावं लागतं. पंचवीस जगवली की पुढच्या लावणीची रोपं तुमच्याच वेलांपासून तयार होतात.

रोपं विकत घेताना आणि घरी करताना

मिरी म्हटलं की रोपवाटिकावाला पन्नीयूर-1 पुढे करतो. केरळातल्या पन्नीयूर केंद्राची ही संकरित जात आहे, घोस लांब आणि दाणा मोठा. पण तिला उजेड लागतो. दाट सावलीत ती नुसती वाढते. बागेच्या कडेला, पोफळीवर, उघड्यावरच्या पांगाऱ्यावर ती लावा. रानातल्या सावलीसाठी करीमुंडा किंवा पन्नीयूर-5 मागा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या केंद्रांवर आणि कृषी खात्याच्या रोपवाटिकांवर आधी नाव नोंदवून ठेवलं तर जातिवंत रोपं मिळण्याची शक्यता जास्त. गावात कुणाच्या फणसावर जुना गावठी वेल वर्षानुवर्षं भरून येत असेल तर त्याचीही दहा रोपं करा. त्या हवेत तो टिकून राहिला आहे, हीच त्याची परीक्षा झाली.

रोप हातात घेतल्यावर पिशवी थोडी फाडून मुळं बघा. पांढरी, ताजी मुळं हवीत. मुळांवर गाठी दिसल्या तर ती सूत्रकृमीची लागण आहे, ते रोप परत द्या. पानावर काळे ओलसर डाग असलेलं रोप फुकट मिळालं तरी रानात नेऊ नका, एका रोपाबरोबर सगळ्या तुकड्यात मर (वेल उभ्याउभ्या मारणारा रोग) शिरते. आणखी एक बघून घ्या: रोप कुठल्या फुटव्याचं आहे. घोस येणाऱ्या आडव्या फांदीचं छाट लावलं तर त्याची कुंडीतली झुडूप मिरी होते, ती झाडावर चढत नाही.

घरी रोपं करायची तर चांगल्या वेलाच्या बुंध्यापासून जमिनीवर सरपटत निघणारे फुटवे निवडा. थंडीच्या शेवटी ते गुंडाळून एका खुंटीला बांधून ठेवा, म्हणजे मातीत मुळं सोडत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापून दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे करा, शेंड्याकडचा कोवळा भाग टाकून द्या. पान कापा, देठ ठेवा. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेण अशा मिश्रणाच्या पिशवीत किमान एक पेरं मातीत जाईल असं लावा. मांडवाच्या सावलीत ठेवून रोज हलकं पाणी द्या. जूनपर्यंत चार-पाच पानांचं रोप होतं.

खड्डा आणि लावणी

खड्डे मे महिन्यात काढा, जमीन तापलेली असताना. झाडाच्या उत्तरेला किंवा ईशान्येला, म्हणजे बुंध्याचीच सावली कोवळ्या वेलाला मिळते. पोफळीसारख्या बारीक बुंध्यापासून एक फूट, फणस-आंब्यासारख्या मोठ्या झाडापासून हातभर अंतर ठेवा, तिथे झाडाची जाड मुळं आडवी येतात. मूळ आलं तर ते तोडू नका, खड्डा बाजूला सरकवा. माप अर्धा मीटर लांब, रुंद आणि खोल.

भरायला वरच्या थराची काळसर माती, पाच किलो कुजलेलं शेणखत किंवा पाल्याचं खत, दीडशे ग्रॅम रॉक फॉस्फेट, किलोभर निंबोळी पेंड आणि पन्नास ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी). इतकं सामान पंचवीस खड्ड्यांसाठी डोक्यावरून नेणं जिकिरीचं आहे, म्हणून खत जागेवरच करा. आदल्या वर्षीच्या जानेवारीत सावलीतल्या एका खाचरात पातेरा (वाळका पाला) आणि ओला पाला थराथराने भरा, मध्ये चार-पाच घमेली शेण कालवून टाका, वरून झावळ्या आणि दगड. पावसाळा गेला की वरखाली करा. पुढच्या मे महिन्यात काळं, मातीच्या वासाचं खत तयार असतं. पातेरा गोळा करताना सगळी जमीन खरवडून घेऊ नका. रानाचं पांघरूण तेच आहे.

खड्डा भरताना माती जमिनीच्या वर वीतभर चढवून टेकाड करा. भरलेली माती पहिल्या पावसात बसते. सपाट भरलेला खड्डा जुलैत वाडगा होतो आणि रोप त्यात सडतं.

लावणी पाऊस नीट सुरू झाल्यावर, जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. वळवाच्या सरीला भुलून मे महिन्यात लावू नका, मध्ये पंधरा दिवसांची उघडीप पडली तर रोपं जातात. प्रत्येक खड्ड्यात दोन रोपं, झाडाकडे तिरकी कलती. पिशवी पूर्ण काढायची, आणि रिकाम्या पिशव्या परत न्यायच्या. माती हाताने दाबून घ्या, पायाने नको.

मग बांधणी. प्रत्येक पेऱ्याला बारीक मुळांचा एक पांढुरका झुपका असतो. तो सालीला टेकला पाहिजे आणि टेकलेलाच राहिला पाहिजे. ओल्या दिवसांत आठ-दहा दिवसांत तो साल पकडतो. टेकला नाही तर तपकिरी होऊन वाळतो, आणि वेल त्या जागी सुटा लोंबत राहतो. बांधायला केळीचं सोपट किंवा तागाची सुतळी घ्या, ती आपोआप कुजून जाते. नायलॉनची दोरी वेल जाड झाल्यावर त्याला कापते. पहिल्या दोन पावसाळ्यांत पंधरा-वीस दिवसांतून एक फेरी या बांधणीसाठी हवीच. गावात कोणी नसेल तर ओळखीच्या माणसाला मजुरी ठरवून द्या, पण ही फेरी चुकवू नका.

पहिला उन्हाळा

नोव्हेंबरात रान सुकायला लागतं तेव्हा प्रत्येक वेलाच्या मुळाशी पातेऱ्याचा जाड थर घाला, बुंध्यापासून चार बोटं जागा सोडून. बुंध्याला टेकलेल्या पाल्यात वाळवी येते. उघड्या बाजूला झावळ किंवा कवळाची फांदी आडोशाला रोवा.

पाण्यासाठी व्हाळाचा प्रवाह चालू असतानाच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वनराई बंधारा घाला. सिमेंटच्या रिकाम्या गोणी, व्हाळातलीच वाळू-माती, चार माणसं आणि एक दिवस, एवढं पुरतं. व्हाळ पूर्ण अडवू नका, वरून थोडं पाणी वाहतं ठेवा, खाली कुणाचे तरी वाफे असतात आणि गुरं पाणी पितात. बंधारा भरला तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत जवळच पाणी राहतं, पुढचे दोन महिने मात्र कॅनने न्यावं लागतं.

वेलाजवळ आव्यात भाजलेलं, पण वर चमकदार लेप नसलेलं साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर कौल ठेवा. मडकं भरलं की पाणी झिरपत मुळांना पोचतं आणि आठवडा निघतो. वरून ओतलेलं पाणी उतारावर अर्धं वाहून जातं. हे दोन उन्हाळे केलं की तिसऱ्या वर्षी वेलाची मुळं खोल गेलेली असतात, मग पातेराच पुरतो.

वणव्याचा धोका याच दिवसांत. शेजारच्या माळावर कुणी गवत जाळतं आणि वारा फिरला की आग रानात शिरते. डिसेंबर संपायच्या आत तुकड्याभोवती दोन-तीन मीटरचा पट्टा साफ करून पाला आत ओढून घ्या. जुना गडगा असेल तर त्याचे निखळलेले चिरे बसवा, गुरं पण थांबतात. गोळा केलेला पाला कुठल्याही कारणाने पेटवू नका.

पावसातली मर

मिरी पिकवणाऱ्याला झोपू देत नाही ती ही. फायटोफ्थोरा नावाची बुरशी जमिनीत असते, आणि ओल, गारवा व साचलेलं पाणी मिळालं की ती उठते. आधी जमिनीलगतच्या पानांवर काळे डाग दिसतात, वाढत्या डागाची कड झालरीसारखी. मग बुंधा मातीजवळ काळा पडतो, साल बोटाने निघते आणि आतून कुजका वास येतो. तिथून पुढे पंधरवड्यात सगळी पानं गळतात आणि वेल उभ्याउभ्या मरतो. या टप्प्यावर औषध नाही. जे काही करायचं ते आधी.

सगळ्यात आधी पाण्याला वाट. वेलाच्या वरच्या अंगाने नांगरटीसारखा उथळ चर काढून पाणी बाजूला वळवा. जमिनीवर लोळणारे फुटवे पाऊस सुरू व्हायच्या आत छाटा किंवा झाडाला बांधा, चिखलाचे शिंतोडे त्यांच्यावरूनच वर चढतात. मे महिन्याच्या शेवटी आधाराच्या झाडाच्या खालच्या फांद्या विरळ करा, म्हणजे पावसाळ्यात वारा खेळतो. भर पावसात मुळाशी खणू नका. गवत उपटू नका, कोयतीने कापून तिथेच टाका.

दुसरं, एक टक्का बोर्डो मिश्रण. एकदा पाऊस लागायच्या तोंडावर आणि एकदा ऑगस्टमधल्या उघडिपीत, पानांच्या दोन्ही बाजूंनी आणि बुंध्यावर. पोफळीच्या कोळेरोगासाठी आपल्याकडे हे घरोघरी करतात, तरी प्रमाण आणि क्रम चुकतो म्हणून सांगतो. दहा लिटरला शंभर ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना. मोरचूद पाच लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं अजिबात नको. चुना वेगळ्या बादलीत थोड्या पाण्याने फोडून निवू द्या, गाळून पाच लिटर करा. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि लाकडी काठीने ढवळत राहा. आकाशी, दाट मिश्रण होतं. त्यात स्वच्छ विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांबूस लेप आला तर मोरचूद मोकळं राहिलं आहे, पानं जळतील. चुन्याचं पाणी थोडं थोडं घालून पातं स्वच्छ निघेपर्यंत परत बघा.

तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावं लागतं, आणि घरून करून नेलं तर चढणीवर हेलकावे खात जाईपर्यंत तळाशी बसतं. म्हणून दोन्ही पाणी वेगवेगळ्या कॅनमध्ये न्या आणि जागेवर एकत्र करा. हातमोजे आणि चष्मा घाला. पंप व्हाळात धुऊ नका, तांबं मासळी मारतं. व्हाळापासून लांब खड्ड्यात धुवा.

ट्रायकोडर्मा पण बुरशीच आहे, तांब्याच्या औषधाने ती मरते. मातीत ट्रायकोडर्मा घातल्यावर तीन आठवडे तरी बुंध्याजवळ बोर्डो ओतू नका. मेलेला वेल मुळासकट काढून तुकड्याबाहेर न्या आणि ती जागा निदान एक वर्ष मोकळी ठेवा. ज्या कोयतीने तो कापला ती उकळत्या पाण्यात धुतल्याशिवाय दुसऱ्या वेलाला लावू नका.

जांभ्याची माती आंबट असते. एक वर्षाआड एप्रिल-मे मध्ये वेलामागे अर्धा किलो चुना पसरून मातीत हलका मिसळा, मग पंधरा-वीस दिवसांनी खत.

रानात जाणाऱ्याची काळजी

दोडामार्ग आणि बांदा भागात 2016 पासून माकडतापाने माणसं दगावली आहेत. गोव्यात सत्तरीतही तेच झालं. हा ताप गोचिडीमुळे येतो, आणि गोचिडीचे दिवस डिसेंबर ते मे. नेमके तेच दिवस मिरी काढायचे आणि पातेरा गोळा करायचे. म्हणून हे परिशिष्ट समजू नका. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा मोज्यात खोचलेला, वर गमबूट. गोचीड प्रतिबंधक तेलासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा आणि निघण्याआधी हातापायाला लावा. पाल्यावर बसू नका, बसायला चिरा किंवा प्लास्टिक घ्या. घरी आल्यावर कपडे बाहेरच गरम पाण्यात टाका, साबणाने अंघोळ करा, काखा-जांघा-कानामागे बघा. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला किंवा वनरक्षकाला कळवा. अचानक सडकून ताप, डोकं आणि कंबर फुटतेय असं दुखणं, असं झालं तर दवाखान्यात 'मी रानात काम करतो' हे पहिल्या वाक्यात सांगा.

फुरसं आणि घोणस पातेऱ्यात दिसत नाहीत. हात घालण्याआधी काठीने पाला हलवा. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला अवयव न हलवता, शक्य तितकं न चालवता, थेट उपजिल्हा रुग्णालय. तिथे सर्पदंशावरचं प्रतिविष असतं. म्हणूनच अशा तुकड्यात एकट्याने जाऊ नये, आणि घरी कुठे चाललो व किती वाजता परतणार ते सांगून निघावं.

डुकरांसाठी फासे आणि घरच्या विजेचा करंट, दोन्ही विषय डोक्यातून काढून टाका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 आहेच, पण अशा तारेला गावातलीच माणसं आणि गुरं मेलेली आहेत. मिरीला त्याची गरजच नाही. झाडांमधल्या मोकळ्या जागेत काही लावायचंच असेल तर हळद लावा, डुक्कर तिच्या वाटेला फारसं जात नाही, आणि श्रावणात पातोळ्यांना पानं मिळतात. करांदे, कणगर, रताळी लावू नका. साळिंदर आणि डुक्कर वासावर येतात आणि कंदाबरोबर मिरीची मुळंही उकरून ठेवतात.

काढणी

तिसऱ्या वर्षी पहिले घोस दिसतात, सातव्या-आठव्या वर्षी वेल भरात येतो. फुलोरा पहिल्या पावसाबरोबर येतो आणि पावसाच्या थेंबांनीच पराग घोसावरून खाली उतरतात, म्हणून जूनमध्ये लांब उघडीप पडली की त्या वर्षीचे घोस विरळ. दाणा पक्व व्हायला सहा ते आठ महिने लागतात. आपल्याकडे डिसेंबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत काढणी चालते.

वेल शिडीच्या हाताबाहेर जाऊ देऊ नका. पाच-सहा मीटरवर शेंडा खुडा, म्हणजे बाजूच्या फांद्या भरतात. त्याच्या वरचे घोस काढताना माणसं पडतात, आणि चार मुठी मिरीसाठी ते परवडणारं नाही. शिडी माणग्याची (भरीव बांबूची), वरून झाडाला बांधलेली, आणि खाली एक माणूस धरायला.

घोसातला एखाद-दुसरा दाणा पिवळट-लाल झाला की सगळा घोस खुडायचा. सगळे लाल व्हायची वाट पाहिली तर बुलबुल आधी येतात. घोस रात्रभर गोणपाटात झाकून ठेवा, सकाळी पायाने हलके मळून दाणे सुटे करा. मग एक पायरी बरेच जण गाळतात: दाणे टोपलीत घेऊन उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवा आणि लगेच निथळा. याने वरची घाण जाते, रंग एकसारखा काळाभोर येतो आणि वाळायला दोन दिवस कमी लागतात. स्वच्छ चटईवर कडक उन्हात चार ते सहा दिवस. शेणाने सारवलेल्या खळ्यावर वाळवू नका, घेणारा वासावरूनच भाव पाडतो. संध्याकाळी गोळा करून झाका, दव लागलं तर बुरशी येते. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला की वाळला. तीन किलो ओल्या दाण्यांची साधारण एक किलो काळी मिरी होते.

चांगल्या राखणीत भरातला वेल दीड-दोन किलो वाळलेली मिरी देतो. रानातल्या तुकड्यात, पाण्याशिवाय, अर्धा ते एक किलो धरून हिशोब करा. पंचवीस वेलांचा माल बाजारात पाठवण्याइतका नसतो, तो ओळखीत, मुंबई-पुण्याच्या घरांत पाव किलोच्या पाकिटांनी जातो आणि भावही बरा मिळतो. राहिलेली मिरी हवाबंद डब्यात, डब्यात ती वाजली पाहिजे इतकी कोरडी, जमिनीपासून वर फळीवर ठेवा. पावसाळ्याआधी एकदा परत ऊन द्या. आणि काढणी चालू असतानाच ज्या वेलाचे घोस सगळ्यात भरगच्च आहेत त्याच्या बुंध्याला रंगीत चिंधी बांधून ठेवा. फेब्रुवारीत फुटवे त्याच वेलाचे काढायचे आहेत.